अर्जदार, वय वर्षे सात

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत एकतीस वर्षं काढून दाखलेसाहेब निवृत्त झाले, तेव्हा कचेरीला हायसं वाटलं आणि घराला धडकी भरली. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण तारखेत एका दिवसाची जरी गफलत असली तरी ते दाखला देत नसत, म्हणून लोकांनीच त्यांचं हे बारसं केलं आणि तेच नाव चिकटलं. निवृत्तीच्या पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली: आत काय, कधी भरलं, कोणी भरलं. दुसऱ्या महिन्यात चिठ्ठीतला मजकूर आणि डब्यातला माल जुळत नाही म्हणून ते बाईसाहेबांकडे लेखी खुलासा मागू लागले.

बाईसाहेब म्हणजे त्यांच्या पत्नी. अठ्ठावीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग सांभाळलेला, त्यामुळे आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे. त्यांनी खुलासा दिला नाही. लेकीला फोन केला.

लेक दुसऱ्या शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. चार दिवसांच्या सुट्टीवर आली ती एक काळी पेटी घेऊनच. ती तिनं टीव्हीला जोडली आणि बापाच्या हातात दोन बाजूंनी धरायचं ते बटणांचं यंत्र दिलं.

"बाबा, हा माझा जुना गेमचा डबा. यावर जपानी रोल-प्लेइंग गेम खेळा. त्यात गोष्ट असते, गावं असतात, चार-पाच सोबती मिळतात. घाई कसलीच नाही. आपली पाळी आली की विचार करायचा, वाटलं तर चहा पिऊन यायचं, मग चाल करायची. तोवर राक्षस थांबतो."

"थांबतो?"

"पाळी येईपर्यंत जागचा हलत नाही."

एकतीस वर्षं खिडकीमागे बसून साहेबांनी सुशिक्षित माणसं पाहिली होती, पण पाळी येईपर्यंत जागचं न हलणारं कोणी पाहिलं नव्हतं. जपान्यांच्या राक्षसांविषयी त्यांचं मत एकदम चांगलं झालं.

"फक्त पहिला गेम नीट निवडा," लेक म्हणाली. "पहिला चुकला की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. मी सुचवू एखादा?"

"नको. निर्णय रीतसर झाला पाहिजे. मी माहिती मागवतो."

हा ताठा नुसता स्वभावाचा नव्हता. अकरा वर्षांपूर्वी याच साहेबांनी चार पाहुण्यांसमोर लेकीच्या खेळण्याला 'रिकामटेकड्यांचे धंदे' म्हटलं होतं. तेव्हापासून तिनं या विषयावर घरात अवाक्षर काढलं नव्हतं. आता तीच आपण होऊन पेटी जोडून गेली होती. याचा अर्थ साहेबांना नीट कळत होता, आणि म्हणूनच त्यांना निवडीत चूक करायची नव्हती. अशा वेळी दुसरा एखादा बाप लेकीला जवळ घेऊन दोन शब्द बोलला असता. साहेबांनी नवी फाईल उघडली.

फाईलवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'विषय: नवशिक्याने प्रथम खेळावयाचा जपानी खेळ निवडणेबाबत.' मग नऊ दिवस ते संगणकासमोर बसून लोकांची मतं उतरवत होते. नऊ दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की या विषयात जगात दोनच प्रकारची माणसं आहेत. एक म्हणतात, अमुक मालिकेच्या बाराव्या भागापासून सुरुवात करा, आधीच्या अकरा भागांचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुसरी म्हणतात, पहिल्या प्रकारच्या माणसांना अक्कल नाही. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'हा खेळ पहिले चाळीस तास कंटाळवाणा आहे, पण नंतर पकड घेतो.' साहेबांनी त्यापुढे लाल शाईनं शेरा मारला: 'चाळीस तासांत माझी अख्खी विभागीय परीक्षा झाली होती.'

शेजारच्या डॉक्टरांना यातलं काही लपवणं शक्य नव्हतं. हे होमिओपॅथीचे डॉक्टर. दवाखान्यात रोगी कमी आणि मासिकं जास्त, त्यामुळे सल्ला द्यायला त्यांच्याकडे वेळ भरपूर असे. आयुष्यात त्यांनी एकही गेम खेळलेला नव्हता, पण त्यानं त्यांचं काही अडलं नाही.

"साहेब, मुळापासून सुरू करा," ते म्हणाले. "पहिल्या मालिकेचा पहिला भाग. आजार असो की खेळ, मुळाशी गेल्याशिवाय गुण येत नाही."

"तो अडतीस वर्षांपूर्वीचा आहे. माणसं तांदळाच्या दाण्याएवढी दिसतात."

"मात्रा जितकी लहान, तितका परिणाम मोठा," डॉक्टर म्हणाले.

शेवटी साहेब फाईल बगलेत मारून बाजारातल्या गेमच्या दुकानात गेले. काउंटरवर चष्मा लावलेली विक्रेती होती. तिनं हसून विचारलं, "कोणासाठी हवाय, काका? नातवाचं वय काय?"

"नातू नाही. मला हवाय."

त्यानंतर ती साहेबांशी हळू आणि मोठ्यानं बोलायला लागली, जणू गेमचा आणि कानांचा काही संबंध असावा. साहेबांना ते झोंबलं. पण बाई कामाची निघाली. तिनं फाईल पाहिलीसुद्धा नाही, तीनच प्रश्न विचारले. "वाचायला आवडतं का? हरलं की चिडता का? आणि रोज किती वेळ बसणार?"

साहेब म्हणाले, "आवडतं. नाही. ठरवलेलं नाही." यातलं दुसरं उत्तर खोटं होतं, पण तेव्हा त्यांनाही ते माहीत नव्हतं.

तिनं चार नावं लिहून दिली. वर म्हणाली, "आता हे डबीत मिळत नाहीत, काका. पेटीवरच खातं उघडा आणि तिथूनच घ्या. आधी नमुन्याचा भाग फुकट खेळून बघा. जो बंद करावासा वाटणार नाही, तो तुमचा."

एवढं सोपं सूत्र फाईलमध्ये कुठल्या रकान्यात बसवायचं, या विवंचनेत साहेब घरी आले.

खातं उघडायच्या वेळी डॉक्टर हजर होते. त्यांना बोलावलं नव्हतं, पण टीव्ही सुरू झाल्याचा आवाज भिंतीतून जातो. पेटीनं नाव विचारलं, ते झालं. मग जन्मतारीख. साहेबांनी दिवस घातला, महिना घातला. हात असे चालत होते, की वाटावं, पुन्हा खुर्चीवर बसलेत. वर्षाचं मात्र विचित्र होतं. चालू वर्षापासून सुरुवात करून एकेक वर्ष मागं जायचं, आणि दर वर्षाला एकदा बटण दाबायचं. साहेब शांतपणे मोजत निघाले. आठ वर्षं मागं आले होते; या वर्षीचा वाढदिवस अजून व्हायचा होता.

"असे कधी पोचणार?" डॉक्टर कळवळून म्हणाले. "ते उजवीकडचं मोठं बटण दाबा. झरझर खाली जातं."

"तुम्हाला काय माहीत?"

"दिसतंयच ना. मोठं आहे."

साहेबांनी दाबलं. ते मंजुरीचं बटण होतं. पडद्यावर रंगीत फुगे उडाले, घंटा वाजली आणि एक गुबगुबीत ससा म्हणाला, 'स्वागत आहे, छोट्या मित्रा! आता घरातल्या मोठ्या माणसाला हाक मार.'

मग डॉक्टर उठले, म्हणाले, "दवाखान्यात कोणी आलंय वाटतं," आणि गेले. चुकीच्या जन्मतारखा दुरुस्त करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते दाखलेसाहेब स्वतःच्या दिवाणखान्यात, स्वतःच्या हातानं, सात वर्षांचे झाले होते.

मागं जायची सोय नव्हती. ससा पालकाची वाट पाहत उड्या मारत होता. साहेबांनी घसा साफ केला.

"अगं, जरा बाहेर येतेस? एक सही... म्हणजे एक बटण दाबायचंय."

बाईसाहेब हात पुसत आल्या. पडद्यावरचं सगळं त्यांनी सावकाश वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. नियम, अटी, पोटनियम, सगळं. साहेबांना आयुष्यभर वाटत आलं होतं, की अर्जामागच्या सूचना एक दिवस तरी कोणीतरी शेवटपर्यंत वाचाव्यात. ती इच्छा आज अशी पुरी झाली.

"'पाल्याला रोज किती वेळ खेळू द्यायचं?'" बाईसाहेबांनी वाचलं आणि नवऱ्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव त्या नजरेत होता. "सात वर्षांच्या मुलाला एक तास पुष्कळ झाला. नंतर चिडचिडी होतात."

"अगं, हे तात्पुरतं आहे. आजच मी अर्ज करतो, दोन दिवसांत वय दुरुस्त होईल."

"होईल तेव्हा होईल." त्यांनी एक तासावर खूण केली. "'अनोळखी माणसांशी बोलण्याची परवानगी?' नाही. 'नवीन खेळ घेण्यापूर्वी पालकाला विचारावे?' हो तर. विचारावे."

साहेबांचे चारही खेळ आता तपासणीत सापडले. पहिला सोळा वर्षांवरच्यांसाठी, कारण त्यात हाडांचे सापळे चालतात. दुसरा बारा वर्षांवरच्यांसाठी, कारण त्यातल्या खाणावळीत लोक दारू पितात. तिसऱ्यात एक राजकन्या सावत्र आईला उलट बोलते. सात वर्षांच्या अर्जदाराला खुला असा एकच उरला, यादीतला चौथा. त्यात घंटा ओतणाऱ्या कारागिराची मुलगी एक घंटा पाठीवर घेऊन डोंगरापलीकडच्या गावी पोचवायला निघते. तिच्यासोबत एक बेडूक असतो, तो स्वयंपाक करतो. आणि एक म्हातारा सरदार, त्याला दर तिसऱ्या पाळीला झोप लागते. साहेबांनी या खेळापुढे आधीच लिहून ठेवलं होतं: 'पोरकट. विचारात घेऊ नये.'

"दुरुस्ती होईपर्यंत नमुना म्हणून बघतो," ते म्हणाले. बाईसाहेबांनी परवानगी दिली.

दुरुस्तीचा अर्ज त्यांनी त्याच दिवशी पाठवला. सात कलमं, दोन परिशिष्टं. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या मदत विभागाचं उत्तर आलं. खात्यावर वय सात होतं, त्यामुळे पत्राची सुरुवातच अशी होती: 'छोट्या मित्रा, तुझं पत्र वाचून आम्हाला खूप आनंद झाला. किती छान लिहितोस!' खाली जन्माचा दाखला मागितला होता. साहेबांनी दाखला पाठवला. चार दिवसांनी पुन्हा पत्र: 'छोट्या मित्रा, या दाखल्यावर सही करणारे अधिकारी आणि अर्जदार एकच दिसतात. असा दाखला आम्हाला घेता येत नाही. हिरमुसू नकोस!'

गोष्ट खरी होती. स्वतःच्या दाखल्याची प्रत साहेबांनी नोकरीत असताना स्वतःच काढून घेतली होती. त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "आक्षेप योग्य आहे." इतकं काटेकोर पत्र त्यांनी गेल्या काही वर्षांत पाहिलं नव्हतं. 'हिरमुसू नकोस' हे तेवढं वगळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या जुन्या कचेरीत गेले आणि पहिल्यांदाच खिडकीच्या अलीकडे उभे राहिले. अलीकडून खिडकी फार उंच वाटत होती. आतल्या माणसाच्या फक्त भुवया दिसत. पाऊण तासानं पाळी आली. आत त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या नव्या अधिकारी बाई होत्या.

"अय्या, साहेब! बसा ना," त्या म्हणाल्या. बसायला काही नव्हतं. खिडकीबाहेरचं बाकडं साहेबांनीच काढायला लावलं होतं; लोक फार वेळ बसतात म्हणून.

"माझ्या जन्माचा दाखला हवाय. तुमच्या सहीचा."

"देऊ की. अर्ज दोन प्रतींत, स्वतःच्या हस्ताक्षरात, कारण नमूद करून. नऊ दिवस लागतील."

"नऊ? नऊ कोणी केले?"

"तुम्हीच, साहेब. आधी सात होते."

कारणाच्या रकान्याशी साहेबांचं पेन अडलं. खोटं लिहिणं शक्य नव्हतं. त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'खेळाच्या खात्यावर वय कमी लागल्यामुळे.' अधिकारी बाईंनी वाचलं, चेहऱ्यावरची रेष हलू न देता शिक्का मारला आणि अर्ज आत नेला. आतून थोड्या वेळानं चार-पाच माणसं एकदम खोकल्यासारखा आवाज आला.

हे नऊ दिवस साहेब रोज तासभर घंटेच्या गोष्टीत घालवत होते. निरीक्षण म्हणून, असं ते सांगत. पहिल्या गावात पाणवठ्याशी एक माणूस उभा होता. त्याला कितीही वेळा विचारलं तरी तो एकच वाक्य बोलायचा: 'पुढचा पूल बंद आहे, सरपंचांना भेटा.' साहेबांना त्या माणसाविषयी मनापासून आपुलकी वाटली. ते रोज त्याला एकदा भेटून पुढं जात. बेडूक रांधायचा, मुलगी थकायची, सरदार झोपायचा. हल्ला होणार असं दिसलं की बाईसाहेब भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "त्या म्हाताऱ्याला मागं घ्या. आता डुलकी लागेल त्याला."

"तू बघू नकोस. तुझं लक्ष विळीकडे असू दे."

"घ्या मागं. झोपला बघा."

तास संपला की ससा यायचा, 'आज पुरे!' म्हणायचा आणि पडदा काळा व्हायचा. एकदा साहेबांची सरदाराला औषध पाजायची पाळी आली असतानाच तो आला.

"अगं, पाच मिनिटं दे. माणूस मरतोय इथं."

"उद्या पाजा. राक्षस थांबतो म्हणाली ना ती?"

साहेब त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत. सात वर्षांच्या मुलांचं असंच असतं, बाईसाहेबांनी मनात नोंद केली.

पुलाशी मात्र गाडं अडलं. पुलावर एक दगडी राक्षस बसला होता, आणि त्यानं साहेबांना पाच दिवसांत अकरा वेळा हरवलं. दर वेळी सरदार नेमका झोपायचा. अकराव्या वेळी साहेबांनी हातातलं यंत्र गादीवर आपटलं आणि मग घाईघाईनं उचलून पुसलं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "सरदाराला काढून टाका. रोगट भाग शरीरात ठेवू नये."

"काढून टाकायचं? घरापासून आलाय तो आपल्याबरोबर," साहेब म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं.

रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा, निवडलात का मग?"

आजवर साहेबांनी 'प्रकरण विचाराधीन आहे' एवढ्यावर वेळ मारून नेली होती. आज त्यांनी दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "एक सांग. माणूस दर तिसऱ्या पाळीला झोपत असेल, तर पुलावरचा राक्षस कसा पाडायचा?"

"बाबा, तुम्ही घंटेवाला खेळताय?"

"तात्पुरता. वयाची थोडी तांत्रिक अडचण आहे."

"तो मी दोनदा खेळले," लेक म्हणाली. तिचा आवाज वेगळाच झाला होता. "तुम्ही सरदाराला काढला नाहीत अजून?"

"का काढू?"

"बरेच जण काढतात. बाबा, ऐका. तो झोपतो तेव्हा त्याला जागं करू नका. झोपेत त्याची ताकद साठते. दोनदा झोपू द्या, बेडकाला त्याच्यासमोर उभा करा, आणि तिसऱ्यांदा उठला की..."

"थांब, लिहून घेतो."

मग तिनं घंटेला तडा जातो त्या गावाबद्दल विचारलं. साहेब म्हणाले, "सांगू नकोस, सांगू नकोस, मी पोचलो नाही अजून." ती हसली. दोघांचं बोलणं इतकं लांबलं, की बाईसाहेब दार उघडून बघून गेल्या. फोन ठेवण्यापूर्वी साहेब म्हणाले, "अगं, ते मी एकदा पाहुण्यांसमोर बोललो होतो..."

"माहितीये, बाबा."

"ते बरोबर नव्हतं. नोंद चुकीची होती."

"असू दे," ती म्हणाली. "उद्या पूल ओलांडा आणि मला फोन करा."

दुसऱ्या दिवशी सरदार दोनदा झोपला, तिसऱ्यांदा उठला आणि एका घावात राक्षसाचे तुकडे झाले. साहेब उभे राहिले. बाईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीपलीकडून डॉक्टर ओरडले, "काय झालं? येऊ का?"

नवा दाखला ठरल्या दिवशी, म्हणजे दहाव्या दिवशी मिळाला. कंपनीला तो पसंत पडला. आठवड्याभरात उत्तर आलं: 'छोट्या मित्रा, तू अठ्ठावन्न वर्षांचा आहेस हे सिद्ध झालं आहे. अभिनंदन! तुझ्यासाठी मोठ्या माणसाचं नवं खातं उघडत आहोत. सर्व खेळ तुला खुले होतील, वेळेचं बंधन राहणार नाही. जुनं खातं सात दिवसांनी बंद होईल आणि त्यातली प्रगती पुसली जाईल. अर्ज मागे घ्यायचा असल्यास सोबतचा नमुना भरावा.'

साहेबांनी पत्र तीनदा वाचलं. पुसली जाणार म्हणजे पूल, राक्षस, पाणवठ्यावरचा माणूस, सगळंच. सरदार पुन्हा पहिल्या गावात अनोळखी होऊन उभा राहणार. तीन दिवस पत्र टेबलावर पडून होतं. इतका काळ त्यांच्या टेबलावर कागद कधी पडून राहिला नव्हता. सगळे खेळ खुले होणार होते, ज्यांच्यासाठी नऊ दिवस फाईल लिहिली तेही. ससा कायमचा जाणार होता. आणि मुख्य म्हणजे एक चुकीची जन्मतारीख दुरुस्त होणार होती. चूक दिसत असताना तशीच राहू देणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांनी अर्ज मागे घेण्याचा नमुना उघडला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'अर्जदाराची आहे त्या वयाबद्दल तक्रार नाही.'

नमुना मात्र पुढं सरकेना. तळाशी ओळ आली: 'अर्जदार सज्ञान नसल्यामुळे पालकाची संमती आवश्यक.'

"अगं," साहेबांनी हाक मारली.

बाईसाहेबांनी सगळं वाचलं, परिशिष्टासकट. "नीट विचार केलात ना? मग माझ्याकडे कटकट करायची नाही."

"केला."

"मोठ्यांचे गेम मिळणार नाहीत."

"नकोत मला. त्यात सापळे असतात."

बाईसाहेबांनी बटण दाबलं. त्याच दिवशी मदत विभागाचं पत्र आलं. 'छोट्या मित्रा, तुझी इच्छा आम्ही मान्य केली आहे. आमच्या नोंदीप्रमाणे पुढच्या महिन्यात तुझा वाढदिवस आहे. आगाऊ शुभेच्छा!'

साहेबांनी ते पत्र बाईसाहेबांसमोर धरलं आणि तिथंच घुटमळले.

"काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"नाही, म्हणजे... आठवा वाढदिवस येतोय. दीड तास होऊ शकेल का?"

बाईसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आठ पूर्ण होऊ देत," त्या म्हणाल्या. "मग बघू."